भट्टीवर आळ, दोष पाण्याच्या टाकीत: ६०६१ आर्मच्या फटीगचं एक प्रकरण

तुटलेले नऊ आर्म मी टेबलावर रांगेत मांडले होते. पाच मऊ निघाले होते, चार हवे तेवढे कडक. मऊ आर्म १९, २०, २२, २४ आणि २६ दिवसांत गेले होते. कडक आर्म २०, २३, २५ आणि २७ दिवसांत. ही दुसरी रांग पाहिली तेव्हा आमचा आधीचा सगळा तपास पाण्यात गेल्याचं कळलं. तसा तो खरोखरच पाण्यात जायला हवा होता, पण ते पुढे येईल.

यंत्र चाळणीचं. एक जड ट्रे क्रँकच्या जोरावर पुढे-मागे हलतो आणि चार आर्म त्याला तोलून धरतात. मिनिटाला ४८० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ८. दोन पाळ्यांचे १६ तास धरले तर दिवसाला ४,६०,८०० फेऱ्या. बावीस दिवसांत १ कोटी. फटीग म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून धातूला हळूहळू तडा जाणं. त्याचा विचार करताना दिवस मोजून काही कळत नाही, फेऱ्या मोजाव्या लागतात. आमचे आर्म साधारण १ कोटीच्या आसपास, थोडे अलीकडे-पलीकडे, तुटत होते.

आर्म ६०६१ अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्जिंगचा. एका टोकाला बुश बसवलेला जाड गोल भाग, म्हणजे बॉस, दुसऱ्या टोकाला दोन बोल्टचा फ्लँज आणि मध्ये ३० मिमी जाडीची मान. मान जिथे बॉसला मिळते तिथे वर आणि खाली, दोन्ही बाजूंना १.५ मिमीचा रेडियस, म्हणजे कोपऱ्याची गोलाई. सगळे आर्म याच जागी तुटले. कागदावरचा प्रवास असा: ५५ मिमी जाडीचं फोर्जिंग, ५३० अंशांवर सोल्युशन ट्रीटमेंट (मिश्रधातूतले घटक विरघळवणं), थंड पाण्याच्या टाकीत क्वेंच (झटकन थंड करणं), १७५ अंशांवर ८ तास एजिंग (भट्टीत ठेवून कडक करणं), मग मशिनिंग आणि असेंब्ली. ट्रेच्या रचनेमुळे मान आर्मच्या मध्यावर नव्हती, एका अंगाला सरकलेली होती. त्यामुळे फोर्जिंगच्या एका बाजूने १९ मिमी माल निघायचा आणि दुसऱ्या बाजूने फक्त ६. हे दोन आकडे ड्रॉइंगवर पहिल्यापासून आमच्यासमोर होते. आम्ही ते वाचले नाहीत, एवढंच.

पहिला संशय आणि एक खोटा चार्ट

पहिले पाच आर्म तुटले तेव्हा काम सोपं वाटलं. ब्रिनेल हार्डनेस घेतली तर ६६ ते ७०. ६०६१ टी-६, म्हणजे भट्टीत एजिंग पूर्ण झालेला, असेल तर ती ९५ च्या आसपास यायला हवी. ६५ हा टी-४ चा आकडा, म्हणजे सोल्युशन ट्रीटमेंट आणि क्वेंच झालेला, पण भट्टीत एजिंग न झालेला माल.

तरी एवढ्यावर निकाल देऊ नये. हार्डनेस दोन्ही टोकांना कमी येते. एजिंग कमी झालं तरी माल मऊ आणि जास्त झालं तरी मऊ. नुसत्या हार्डनेसवरून आपण डोंगराच्या चढावर आहोत की उतारावर, ते कळत नाही. त्यासाठी विद्युतवाहकता मोजायची. एडी करंटचं छोटं यंत्र असतं, त्याचं बोंड पृष्ठभागावर टेकवलं की दोन सेकंदांत आकडा. मिश्रधातूतले मॅग्नेशियम-सिलिकॉन जोवर विरघळलेले असतात तोवर ते इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतात आणि वाहकता कमी दिसते. ते कणांच्या रूपाने बाहेर पडले की वाट मोकळी होते. शुद्ध तांब्याच्या मानाने ६०६१ ची वाहकता टी-४ मध्ये ४० टक्के, टी-६ मध्ये ४३ आणि पूर्ण अ‍ॅनिल केलेल्या मालात ४७. आमच्या पाचही तुकड्यांवर ४० आली. म्हणजे एजिंग जास्त झालं नव्हतं, ते झालंच नव्हतं.

हीट ट्रीटमेंट बाहेरून होत होती. त्यांनी पाठवलेला भट्टीचा चार्ट सुंदर होता. १७५ वर सरळ रेघ, बरोबर ८ तास. फक्त त्यावरची वेळ आमचा लॉट टाकीतून बाहेर निघण्याच्या आधीची होती. चार्ट दुसऱ्याच कुणाच्या मालाचा होता.

इथे आम्ही फाइल बंद केली. कारण सापडलं, दोषी सापडला, सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. फटीगच्या प्रकरणात पहिला सापडलेला दोष फार धोकादायक असतो. तो खरा असतो, म्हणून त्याच्यापुढे कुणी पाहत नाही.

पुढचा लॉट मी स्वतः उभं राहून करून घेतला. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या हवेत न ठेवता मालाला बांधलं आणि माल १७५ ला पोचल्यावरच घड्याळ सुरू केलं. हार्डनेस ९४ ते ९७, वाहकता ४३. पाठ्यपुस्तकात छापावा असा टी-६.

विसाव्या दिवशी पहिला तुटला.

कोष्टकातल्या तीन ओळी

खरं तर हे आम्हाला आधीच ठाऊक असायला हवं होतं. ६०६१ चे छापील नमुनेदार आकडे घ्या. पूर्ण मऊ, म्हणजे ओ स्थितीत, टेन्साइल (तुटेपर्यंत सोसलेला ताण) १२४ मेगापास्कल, यील्ड (जिथून आकार कायमचा बदलू लागतो तो ताण) ५५, फटीग (पुन्हा पुन्हा सोसता येणारा ताण) ६२. टी-४ मध्ये टेन्साइल २४१, यील्ड १४५, फटीग ९७. टी-६ मध्ये टेन्साइल ३१०, यील्ड २७६, फटीग ९७.

शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचा. टी-४ पासून टी-६ पर्यंत यील्ड जवळजवळ दुप्पट झाली आणि फटीग जागचा हलला नाही. ओ पासून टी-४ पर्यंत मात्र तो ६२ वरून ९७ वर गेला. म्हणजे हीट ट्रीटमेंटचा फटीगवर परिणाम होत नाही असं नाही. तो पहिल्या टप्प्यात होतो आणि भट्टीतल्या त्या आठ तासांत जी ताकद वाढते, तिच्यातला वाटा फटीगला मिळत नाही.

असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांमध्ये अणूंच्या रांगांमधली चूक, जिला डिसलोकेशन म्हणतात, सरकत जाते. तिला अडवलं की धातू कडक. एजिंगमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे सुईसारखे बारीक कण तयार होतात, जाडी चार-पाच नॅनोमीटर. एकदाच ओढून पाहिलं तर हे कण उत्तम पहारा देतात. पण ते इतके बारीक आणि आजूबाजूच्या जाळीशी इतके जुळलेले असतात की जोर पडल्यावर डिसलोकेशन त्यांना वळसा न घालता आरपार कापून जाते. एकदा कापलेला कण दुसऱ्यांदा कापायला सोपा. मग पुढची डिसलोकेशन त्याच वाटेने येते, त्यानंतरचीही. शेतातून एकाने पायवाट पाडली की सगळे तिथूनच जातात, तसं. सगळी हालचाल मोजक्या पट्ट्यांत गोळा होते, त्या पट्ट्या आतल्या आत मऊ पडतात आणि पृष्ठभागावर जिथे त्या उघड्या पडतात तिथे तड्याचा जन्म होतो.

टी-४ मध्ये उलटं घडतं. तिथे पहारा कमी, पण हालचाल जास्त जागी पसरलेली, आणि पुन्हा पुन्हा वाकवल्यावर माल हळूहळू कडक होत जातो. एक वापरताना मऊ पडतो, दुसरा वापरताना घट्ट होतो. काही कोटी फेऱ्यांनंतर दोघे जवळजवळ एका ओळीत येतात.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म तांबं आणि मॅग्नेशियम असलेला अ‍ॅल्युमिनियम पोलादासारखाच तापवून पाण्यात बुडवत होते. पोलादाला पाणी दिलं की ते तिथल्या तिथे कडक होतं. हा धातू पाण्यातून मऊच निघाला. मधली सुटी गेल्यावर पुन्हा मोजला तर नुसता ठेवल्या ठेवल्या कडक झालेला. पुढे त्यातूनच ड्युरॅल्युमिन आलं. आमच्या मऊ लॉटचंही तेच झालं होतं. भट्टी न पाहताच त्याने आपल्या आपण टी-४ गाठलं होतं आणि फटीगपुरतं ते पुरेसं होतं.

मऊ लॉटमध्ये काहीच बिघडलं नव्हतं, असं मात्र समजू नये. त्या पाच आर्मच्या फ्लँजवर बोल्टचं बूड मालात रुतलं होतं. दोन ठिकाणी बोल्ट सैल पडून सांध्यात काळी भुकटी साचली होती. अ‍ॅल्युमिनियमचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर बारीक घासत राहिले की अशी भुकटी होते. यील्ड कमी असल्याची ती सरळ शिक्षा. कडक लॉटचे फ्लँज स्वच्छ होते. म्हणजे एजिंग नीट केल्याने एक आजार खरोखर बरा झाला होता. आर्म त्या आजाराने मरत नव्हते, एवढंच.

सगळे तडे एकाच बाजूला

नऊ तुकडे टेबलावर मांडण्यामागे हेतू काहीच नव्हता, नुसती चडफड होती. पण मांडताना मी सगळ्यांचे बॉस एकाच दिशेला केले आणि मग ते दिसलं.

तुटलेल्या तोंडावर फटीगची खूण स्पष्ट होती. एका काठावरून निघालेल्या अर्धवर्तुळाकार रेषा, भरतीचं पाणी ओसरताना वाळूवर उमटतात तशा, आणि शेवटी खरबरीत, करडा, एका झटक्यात तुटलेला भाग. हा शेवटचा भाग मानेच्या एक तृतीयांशाहून कमी होता. म्हणजे भार फार नव्हता. मानेचा दोन तृतीयांश भाग तडा खाऊन बसला तरी उरलेला भाग काम करत होता. जास्त भाराने मोडला असता तर हे प्रमाण उलटं दिसलं असतं.

रेषा जिथून सुरू होत होत्या तो काठ नऊच्या नऊ तुकड्यांत एकाच बाजूचा होता. ज्या बाजूने ६ मिमी माल निघतो ती बाजू.

भार तर दोन्हीकडे सारखा. स्ट्रेन गेज (माल किती ताणला ते मोजणारी पट्टी) लावून मोजलेलं होतं: ट्रे पुढे जाताना ५४० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे लांबीच्या दहा लाखांत ५४० भाग, मागे येताना जवळजवळ तेवढेच उलट दिशेने. ६०६१ चा लवचिकता गुणांक ६९ गिगापास्कल, म्हणून ताण सुमारे ३७ मेगापास्कल, अधिक आणि उणे. (हा गुणांक टी-४ असो वा टी-६, तोच राहतो. एजिंगने आर्म ‘ताठ’ होईल अशी आशा बैठकीत कुणीतरी व्यक्त केली होती. हीट ट्रीटमेंट ताकद बदलते, ताठपणा बदलत नाही.) दोन्ही बाजूंचा रेडियस सारखा, फिनिश सारखं. मग नाणं नऊ वेळा उडवलं आणि नऊ वेळा छापच पडला, हे कसं?

एक बाजू आधीपासूनच ताणलेली असेल तरच. म्हणजे यंत्र चालू व्हायच्या आधी त्या काठावर एक कायमचा ओढ-ताण बसलेला असणार, आणि त्याच्यावर आमचे अधिक-उणे ३७ चढत असणार. फटीगला दाब चालतो, ओढ चालत नाही. ओढ तडा उघडते, दाब तो मिटवून ठेवतो.

ही ओढ आली कुठून, हे शोधायला मी प्रोसेस शीट घेऊन मालामागे चालत गेलो. प्रत्येक टेबलावर थांबत. मशिनिंग झालं आणि शीटप्रमाणे पुढे असेंब्ली होती. माल मात्र असेंब्लीला न जाता कोपऱ्यातल्या हँडप्रेसकडे गेला.

प्रेसवरचे मामा तीस वर्षांचे अनुभवी. त्यांनी आर्म दोन व्ही-ब्लॉकवर ठेवला, डायल गेज फिरवलं, काटा पाहिला, पोट वर आलेली बाजू वर केली, प्रेसचा दांडा ओढला. सोडला. पुन्हा गेज. अजून थोडा. तिसऱ्या दाबाला काटा हद्दीत आला आणि त्यांनी आर्म बाजूला ठेवून पुढचा घेतला. काम इतकं सफाईदार की बघत राहावं.

“मामा, हे शीटवर नाही.”

“शीटवर नसेल साहेब. पण मशीनवरून उतरला की प्रत्येक जॉब बाक धरतो. वाकडा पुढे कसा पाठवणार?”

“प्रत्येक?”

“प्रत्येक. आणि एकाच बाजूला. मऊ लॉट होता तेव्हा एका दाबात सरळ व्हायचा. आता हे नवे चिवट आहेत, तीन-तीन वेळा दाबावं लागतंय.”

पोट कुठल्या बाजूला येतं, हे विचारायची गरज नव्हती, आर्म समोरच होता. ६ मिमीची बाजू.

टाकीत काय होतं

५३० अंशांवरचा ५५ मिमी जाडीचा ठोकळा थंड पाण्यात पडतो तेव्हा कातडी आधी थंड होऊन आकसते. आतला गाभा अजून तापलेला आणि मऊ असतो, तो मुकाट्याने तिच्या मापाला जुळवून घेतो. नंतर गाभा थंड होतो, त्यालाही आकसायचं असतं, पण आता कातडी कडक झालेली असते. ती त्याला आकसू देत नाही. परिणामी कातडी दाबात आणि गाभा ओढीत, दोघे एकमेकांना धरून बसतात. जेवढं पाणी थंड, माल जितका जाड, तेवढी ही रस्सीखेच मोठी. पुढचे एजिंगचे आठ तास १७५ अंशांवर असतात. त्या तापमानाला हे ताण थोडेसेच सैल होतात, जात नाहीत.

ठोकळा तसाच राहिला तर हे ताण एकमेकांना झेलून शांत बसतात. आम्ही एका बाजूने १९ मिमी काढत होतो. तिकडची दाबातली कातडी पूर्ण गेली, ओढीतला गाभा उघडा पडला आणि त्याने स्वतःला आकसून घेतलं. दुसऱ्या बाजूची कातडी बरीचशी शिल्लक, ती पसरली. आर्म वाकला, ६ मिमीच्या बाजूला पोट आलं. इथवर काही मोठं बिघडत नाही.

मग प्रेस. पोटावर दाब दिला की वरची बाजू दाबून कायमची आखूड होते. दांडा सोडल्यावर आर्मचा बाकी भाग लवचिकपणे परत येऊ पाहतो आणि त्या आखूड झालेल्या थराला ओढून धरतो. प्रेसखाली जी बाजू दाबात होती तिच्यावर शेवटी ओढ शिल्लक राहते. आणि जिथे मान बॉसला मिळते त्या १.५ मिमीच्या कोपऱ्यात ती नेमकी एकवटते.

सांगून पटणार नाही म्हणून मी दोन गोष्टी करून दाखवल्या. एक कच्चं, मशिनिंग न केलेलं फोर्जिंग घेतलं आणि जाडीच्या मधोमध लांबीला करवतीने चिरायला लावलं. हातभर चीर गेली नाही तोच दोन्ही फाके आत वळले आणि पातं घट्ट चिमटीत सापडलं. पाचर मारून ते सोडवावं लागलं. गाभ्यात ओढ आहे याचा याहून स्वस्त पुरावा नाही. दुसरं, एका सरळ केलेल्या तयार आर्मवर स्ट्रेन गेज चिकटवून त्याच्या मधोमध बारीक छिद्र पाडून अवशिष्ट, म्हणजे मालात अडकून राहिलेला, ताण मोजून घेतला. ६ मिमीच्या बाजूला सुमारे ६० मेगापास्कल ओढ, १९ मिमीच्या बाजूला दाब.

आता हिशेब जुळतो. डिझाइन करणाऱ्याने ३७ घेतले, कोपऱ्यामुळे दुप्पट धरून ७५ काढले, कोष्टकातल्या ९७ शी तुलना केली आणि २२ चा वाव पाहून सही केली. यात त्याचं चुकलं असं म्हणणं जिवावर येतं, कारण अंकगणित बरोबर आहे. पण ते ९७ कुठले? आरशासारख्या पॉलिश केलेल्या, छोट्या, फिरत्या नमुन्यांवर ५० कोटी फेऱ्यांसाठी काढलेले, आणि तेही नमुनेदार, म्हणजे किमान हमीचे नव्हेत. मशिनिंगच्या फिनिशसाठी त्याचे ८५ टक्के धरा. वर ६० ची कायमची ओढ गुडमनच्या सरळ रेषेने, म्हणजे ओढ टेन्साइलच्या जितका हिस्सा तितका हिस्सा फटीगमधून, वजा करा. टी-६ साठी उरतात सुमारे ६६. टी-४ साठी ६२. लागतात ७५. दोन्ही नापास, आणि दोघांत फरक फक्त ४ चा. एवढासा फरक फटीगच्या नेहमीच्या विखुरण्यात कुठे हरवला, ते आमच्या १९ ते २६ आणि २० ते २७ या दोन रांगांत दिसतंच आहे.

आणखी एक, जे चटकन लक्षात येत नाही. अ‍ॅल्युमिनियमला साध्या पोलादासारखी फटीगची सपाट तळरेषा नसते, जिच्याखाली कितीही फेऱ्या चालतील. इथे वक्र खाली उतरतच राहतो. आमच्या यंत्रावर ५० कोटी फेऱ्या म्हणजे जवळपास १,०८५ दिवस, तीन वर्षं रोज चालवून. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म ‘पास’ झाला असं म्हणताना किती फेऱ्यांसाठी, ते त्याच वाक्यात आलं पाहिजे.

७०७५ चा मोह

मधल्या काळात बैठकीत एक प्रस्ताव जोरात होता: ६०६१ सोडा, ७०७५ टी-६ घ्या. टेन्साइल ५७२, यील्ड ५०३. आकडे पाहून कुणाचंही मन जाईल. पण टेन्साइल ३१० वरून ५७२ वर जाते तेव्हा फटीग ९७ वरून १५९ वर येतो. फायदा आहेच, नाही म्हणणार नाही. मला त्रास होता तो वेगळा. ७०७५ ला पूर्ण ताकद हवी तर क्वेंच जलद लागतो आणि इतक्या वरच्या यील्डमध्ये ताणही मोठे अडकून राहतात. म्हणजे आर्म जास्त वाकणार, मामा तो जास्त जोराने सरळ करणार, आणि शिल्लक ओढ वाढणार. शिवाय टी-६ स्थितीतला ७०७५ जाडीच्या दिशेने कायमची ओढ आणि दमटपणा एकत्र आले की काही न करता, नुसता उभ्या उभ्या तडकतो. हा ताण-गंज टाळायला टी-७३ ही स्थिती आहे, दोन टप्प्यांत, मुद्दाम शिखराच्या पलीकडे केलेलं एजिंग. त्यात १० ते १५ टक्के ताकद सोडून द्यावी लागते. विमानांचे जाड भाग घडवणारे ही किंमत खुशीने मोजतात. आम्ही मात्र आजार तसाच ठेवून महाग औषध बदलायला निघालो होतो.

काय बदललं

आधी खडबडीत मशिनिंग, मग सोल्युशन ट्रीटमेंट. दोन्ही बाजूंना फक्त २ मिमी माल ठेवून आर्म जवळजवळ आकारात आणायचा आणि मगच तापवायचा. मान पाण्यात पडते ती ५५ ऐवजी ३४ मिमीची असते आणि अखेरच्या कापात दोन्ही बाजूंनी सारखाच माल निघतो. क्वेंचचं पाणी ६५ अंशांवर ठेवलं. यावर हीट ट्रीटमेंटवाल्यांनी हरकत घेतली, आणि ती रास्त होती: पाणी गरम केलं तर थंड होण्याचा वेग कमी होतो आणि हार्डनेस पडू शकते. म्हणून एक आर्म मधोमध कापून गाभ्यापर्यंत हार्डनेस घेतली. ९३ आली, चालण्यासारखी. हेच ७०७५ वर करायला मी धजलो नसतो.

वाकडेपणा थोडा उरतोच. तो काढायची जागा बदलली. टाकीतून निघाल्यापासून तासाभराच्या आत, माल अजून मऊ असताना, एजिंगच्या आधी सरळ करायचा. टी-६ झाल्यावर प्रेसला हात लावायचा नाही. जो तयार आर्म हद्दीबाहेर वाकेल तो भंगारात. मामांना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. चांगला दिसणारा जॉब फेकणं त्यांच्या जिवावर येत होतं. चिमटीत सापडलेलं ते पातं त्यांनी स्वतः सोडवलं होतं, म्हणूनच शेवटी तयार झाले.

रेडियस १.५ चा ६ मिमी केला. त्याने कोपऱ्यातला ताण ७५ वरून ५४ च्या खाली आला. कोपऱ्यावर शॉट पीनिंगही घेतलं, म्हणजे बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभागावर मुद्दाम दाब बसवणं. हे सगळं एजिंगनंतर, कारण आधी केलं तर भट्टीची ऊब त्यातला काही दाब खाऊन टाकते.

मला खटकत होतं ते हे, की एकदम इतकं बदलल्यावर श्रेय कशाला द्यायचं? कुणी म्हणेल, नुसता रेडियस वाढवला असता तरी भागलं असतं, हीट ट्रीटमेंटचा हा सगळा खटाटोप उगाच. म्हणून दोन आर्म मुद्दाम जुन्या १.५ मिमीच्या रेडियसवर, पीनिंग न करता बनवले. फक्त क्वेंचची नवी पद्धत आणि प्रेस बंद. वेगळ्या यंत्रावर, जाळी लावून, चालवले.

नव्या रेडियसचे आर्म १४ महिने चालू आहेत, १६ कोटी फेऱ्यांच्या पुढे. दर महिन्याला कोपऱ्यावर लाल पेनिट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) लावून पाहतो, अजून रेघ दिसलेली नाही. मुद्दाम बनवलेले ते दोन मात्र तुटले, एक ७० व्या दिवशी आणि एक ८४ व्या. म्हणजे जवळपास सव्वातीन कोटी आणि पावणेचार कोटींच्या पुढे, जुन्याच्या तिप्पट-चौपट.

दोन्ही तुकडे आणून मी त्याच टेबलावर, बॉस एकाच दिशेला करून ठेवले. एकाचा तडा ६ मिमीच्या बाजूने निघाला होता, दुसऱ्याचा १९ मिमीच्या.